पाठकोरे कागद

आमच्या लहानपणी ‘पाठकोरा’ हा शब्द घरात रोज कानावर पडे. वडील कचेरीत कारकून होते. बाद झालेले छापील फॉर्म, जुन्या परिपत्रकांच्या जास्तीच्या प्रती, एका बाजूने टंकलिखित केलेले आणि दुसऱ्या बाजूने कोरे असे कागद महिन्या-दोन महिन्यांनी घरी येत. आई ते सारखे करून दाभणाने शिवायची आणि वर जुन्या कॅलेंडरचे पान लावायची. आम्हा तिन्ही भावंडांची गणिते त्या वह्यांत झाली. कच्चे काम पाठकोऱ्यावर आणि पक्के काम वहीत, असा नियम होता. वही भरली की ती रद्दीत जाई आणि रद्दीच्या पैशांतून नवी पेन्सिल येई.

पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका मोठ्या कारखान्यात लागलो. नोकरीची बहुतेक वर्षे रेकॉर्ड विभागात गेली. २००९-१० च्या सुमारास कंपनीने कागद वाचवण्याची मोहीम काढली. प्रत्येक प्रिंटरवर झाडाचे चित्र असलेले पत्रक चिकटले: छापण्याआधी विचार करा. मजल्यामजल्यावर हिरवे ट्रे आले. एका बाजूने वापरलेला कागद त्यात टाकायचा आणि मसुद्यासाठी परत वापरायचा. प्रशिक्षण द्यायला आलेल्या तरुण मुलाने त्याला ‘वन-साइड पेपर’ असे नाव दिले होते. मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हळूच म्हणालो, “अरे, हे तर आपले पाठकोरे!”

गंमत म्हणून मनात आलेली ही गोष्ट नंतर माझ्या मागेच लागली. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. चाळिशीत मोडीचा वर्ग केला, सुट्टीच्या दिवशी दप्तरखान्यात आणि ग्रंथालयात बसलो, जमेल तसे वाचत गेलो. पुण्यात कागद कसा वाचत आला आणि वाचलेला, टाकलेला कागद कोणाच्या हाती जात आला, एवढाच माझा प्रश्न होता. या लेखात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. त्यात एक कबुलीही आहे. ती ओघात येईल.

गोणपाटाचा कागद

कसबा पेठेत कागदीपुरा नावाचा भाग आहे. तिथून जाणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना त्या नावाचा अर्थ आज सांगता येणार नाही. कागद करणाऱ्या कारागिरांची, म्हणजे कागद्यांची, ही वस्ती. असेच नाव दौलताबाद-खुलताबादजवळ आहे. तिथला कागद ‘दौलताबादी’ म्हणून प्रसिद्ध होता. जुन्नरचा तो ‘जुन्नरी’. जुनी मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना ही नावे परिचित असतात.

हा कागद कशाचा होत असे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला नवल वाटले. त्यासाठी झाड तोडावे लागत नसे. फाटलेली गोणपाटे, तागाचे जुने दोर, चिंध्या आणि जुना कागद हाच त्याचा कच्चा माल. गोणपाटाचे बारीक तुकडे करायचे, चुन्याच्या आणि खाराच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा कुटायचे. असे अनेकदा झाले की लगदा तयार होई. तो हौदात पाण्यात मिसळून गवताच्या बारीक काड्यांच्या साच्यावर उचलायचा. पाणी निथळले की साच्यावर कागदाचा ओला ताव उरे. ताव भिंतीवर वाळवून त्यावर खळ चढवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. ‘घोटीव कागद’ हा शब्द त्यातूनच आला. खळ आणि घोटणे यांमुळे शाई फुटत नसे आणि बोरू अडखळत नसे.

म्हणजे आज ज्याला आपण पुनर्वापर म्हणतो, तो त्या काळी वेगळा उपक्रम नव्हता. कागद करण्याची तीच रीत होती. धान्याचे पोते फाटले की त्याचा कागद व्हायचा, आणि त्या कागदावर पुढच्या पोत्यांचा हिशेब लिहिला जायचा.

हा कागद महाग होता, म्हणून तो जपून वापरला जाई. कागदाच्या लांबट पट्टीला ‘बंद’ म्हणत. मजकूर संपला नाही तर दुसरा बंद खाली चिकटवायचा आणि मधे कोणी फेरफार करू नये म्हणून जोडाच्या पाठीमागे शिक्का मारायचा. मोडी लिपीत हात न उचलता सलग लिहिता येते, त्यामुळे लिखाण भराभर होते. रोजच्या शब्दांची संक्षिप्त रूपे ठरलेली होती. हे कागद फडक्यात बांधून ठेवत; त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. पुण्यात पेशवे दप्तरासाठी इंग्रजांनी बांधलेली दगडी इमारत १८९१ मध्ये पुरी झाली. आज ती पुणे पुराभिलेखागार म्हणून ओळखली जाते आणि तिथे हजारो रुमाल आहेत. १९३० च्या दशकात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. एवढा मोठा कारभार या गोणपाटाच्या कागदावर टिकून राहिला.

सगळेच कागद मात्र सरकारी इमारतीत पोहोचले नाहीत. वाड्यांच्या माळ्यांवर राहिलेल्या दप्तरांची गत वेगळी झाली. वाळवी, पावसाचे पाणी आणि वाण्याच्या दुकानातल्या पुड्या यांत किती गेले याला हिशेब नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले ते या नाशाच्या आधी पोहोचण्यासाठी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला रद्दी या शब्दाची धास्ती वाटते ती तेव्हापासून. ज्या कागदात राजवाड्यांना इतिहास दिसे, त्यात वाण्याला पुडी दिसे. वाण्याला दोष देऊन भागत नाही. त्याच्यापर्यंत कागद जाऊ देणाऱ्या घराने तो आधी उघडून पाहिला होता का, हे विचारायला हवे.

हातकागद आणि गिरणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राचा कागद स्वस्त झाला आणि कागद्यांचा धंदा बसत गेला. १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणी उभी राहिली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ओळखली जाई. स्वदेशी उद्योगांचा हिशेब मांडताना न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीला तिचा अभिमान होता. त्या काळच्या देशी गिरण्याही चिंध्या, ताग, गवत आणि जुना कागद यांवर बऱ्याच अंशी चालत. लाकूड आणि बांबू यांच्या लगद्याचे राज्य नंतर आले. झाड आणि कागद यांची गाठ आपल्याला सनातन वाटते, पण ती तशी अलीकडची आहे.

हाताने कागद करण्याची कला पूर्ण विझायच्या आत गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने तिला हात दिला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. गांधीजी स्वतः आलेली पाकिटे उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत. पाठकोऱ्याचा त्यांच्याइतका थोर वापर करणारा दुसरा कोणी मला ठाऊक नाही. मगनवाडीच्या कामात असलेले के. बी. जोशी यांनी कागद बनवण्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली आणि १९४० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. संस्थेपुढच्या रस्त्याला आज जोशींचे नाव आहे.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो हिरव्या ट्रेची मोहीम ऐन भरात असताना. बनियन आणि टी-शर्ट शिवताना उरलेल्या सुती कातरणींची पोती तिथे रचलेली होती. कातरण निवडून तिचे बारीक तुकडे करतात. मग बीटर नावाच्या लांबट हौदात फिरत्या पात्यांखाली ती पाण्याबरोबर तासन्‌तास घोळते आणि धागा सुटून तंतू मोकळे होतात. पुढे साचा, दाबयंत्र, वाळवण, खळ आणि घोटाई. कागदीपुऱ्यातलाच क्रम, फक्त कुटण्याचे कष्ट विजेवर गेलेले. भारतीय संविधानाची हिंदीतली हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या सुलेखनाची आहे; तिच्यासाठीचा कागद पुण्याच्या याच केंद्रात झाला. चिंध्यांपासून केलेला कागद आपल्या प्रजासत्ताकाच्या मूळ दस्तऐवजाला लागला, हे पुणेकरांना फारसे माहीत नाही.

तिथेच मला तंतूचे गणित कळले. सुती चिंधीतला तंतू लांब आणि चिवट असतो. लाकडाच्या लगद्याचा तंतू त्यामानाने आखूड. कागद पुन्हा लगद्यात गेला की प्रत्येक खेपेला तंतू थोडा तुटतो आणि आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणून पांढऱ्या लिहिण्याच्या कागदाची रद्दी महाग आणि अनेकदा फिरून आलेल्या तपकिरी पुठ्ठ्याची स्वस्त. रद्दीचा भाव हा एका अर्थी तंतूच्या लांबीचा भाव आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

चार हातांचा कागद

आता पुन्हा कारखान्याकडे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि पुढच्या वीस वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात कारखान्यांची रांग लागली. कारखान्याबद्दल बोलताना आपण यंत्र, कामगार आणि संप यांबद्दल बोलतो. कागदाबद्दल कोणी बोलत नाही. पण माझी अर्धी हयात त्यातच गेली, म्हणून सांगतो: मोठा कारखाना जितका लोखंडावर चालतो, तितकाच कागदावर चालत असे.

कच्चा माल आला की आवक नोंद, तपासणीचा अहवाल, भांडाराची पावती. तो भांडारातून कारखान्यात गेला की मागणीपत्र. तयार माल फाटकाबाहेर पडताना अबकारीचा गेटपास. १९९४ पासून त्याच्या जागी बीजक आले. त्याची मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी मालाबरोबर ट्रकवाल्याकडे, तिसरी आपल्या फायलीला. प्रत कमी पडली तर ट्रक रस्त्यात अडे आणि गिऱ्हाइकाची करसवलत बुडे. म्हणून आम्ही एक जास्तीची काढत असू. दोन कागदांमध्ये कार्बन, खाली सुतळीने बांधलेले गठ्ठे. नंतर संगणक आला तेव्हा कागद कमी होईल असे वाटले होते. झाले उलटे. दोन्ही कडांना भोके असलेला सलग लांब कागद खडखडत बाहेर पडू लागला आणि पूर्वी आठवड्याने निघणारे तक्ते रोज निघू लागले.

एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण मोहिमेच्या पत्रकांत ती कधी आली नाही. कंपनीतला बराचसा कागद कारकुनाच्या उधळेपणामुळे नव्हता. तो कायद्यामुळे होता. त्यामुळे तो खऱ्या अर्थाने कमी झाला तोही कायदा बदलल्यावर. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आल्यावर शेअरची कागदी प्रमाणपत्रे जाऊन खात्यातल्या नोंदी आल्या. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाच्या जोडीला बसवले. कंपन्यांची आयकर विवरणपत्रे २००६ पासून संगणकावरूनच भरावी लागू लागली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ‘हरित उपक्रम’ म्हणून परिपत्रके काढली आणि भागधारकांना वार्षिक अहवाल ई-मेलने पाठवण्याची मुभा दिली. वार्षिक अहवाल म्हणजे गुळगुळीत कागदाचे जाडजूड पुस्तक. ते हजारो घरी टपालाने जाई आणि बहुतेक घरांत न उघडता रद्दीत पडे. पुढे २०१७ मध्ये जीएसटी, एप्रिल २०१८ मध्ये ई-वे बिल, आणि ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना ई-बीजक. ज्या बीजकाच्या तीन-चार प्रतींसाठी आम्ही कार्बनने बोटे काळी केली, ते आता आधी सरकारी पोर्टलवर नोंदले जाते.

हे चांगलेच झाले. मी कागदाचा अभ्यासक आहे, कागदाचा भक्त नाही. न छापलेला कागद हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ कागद, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार उरलेल्या कागदाबद्दल आहे.

कागद, काच, पत्रा

पुण्याच्या रद्दीचा इतिहास ज्यांनी खऱ्या अर्थाने घडवला त्या बायकांचे नाव इथे घ्यायला हवे. खांद्यावर पोते घेऊन उकिरड्यातून कागद वेचणाऱ्या या बायका. बहुतेक दलित समाजातल्या. अनेक जणी बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या घरांतल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी त्यांच्याबरोबर काम सुरू केले. साक्षरता वर्गापासून सुरुवात झाली आणि थोड्याच दिवसांत मुद्दा पोटावर आला. कुजलेल्या ढिगातून कागद वेचण्याऐवजी घरातूनच कोरडा कचरा वेगळा मिळाला तर कागद स्वच्छ राहतो, भाव बरा मिळतो आणि हात चिरत नाहीत. हे जमू लागले तेव्हा एका खासगी व्यावसायिकाने तीच सेवा गाडीतून देऊ केली. आपला कागद जातो आहे हे बायकांना लगेच कळले आणि त्या आडव्या उभ्या राहिल्या.

मे १९९३ मध्ये पुण्यात त्यांची परिषद भरली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिच्यामागे उभे होते. तिथून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्मली. संघटनेच्या नावात पहिला शब्द कागद आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पंचायतीने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकणाऱ्या शहराकडे तिने मागितला तोही एक कागदच. नव्वदच्या दशकाच्या मध्याला पुणे महापालिकेने या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरांकडून मासिक शुल्क आणि विकण्याजोग्या वस्तूंवर, म्हणजे कागद, काच, पत्र्यावर, वेचणारीचा हक्क अशी ती व्यवस्था. कचऱ्याच्या गाडीवर उभ्या राहणाऱ्या बाईचा रद्दीवर हक्क आहे, हे एका शहराने लिहून दिले ही साधी गोष्ट नव्हे.

‘किंवा’

आता कबुली.

आमच्या कारखान्यात रद्दीच्या दोन वाटा होत्या. मोठी रद्दी, म्हणजे जुन्या फायली आणि खोकी, वर्षातून एकदा भंगाराच्या ठेकेदाराकडे जाई. रोजच्या टोपल्यांतला कागद मात्र सफाई कामगार मागच्या फाटकाबाहेर नेत आणि तिथे एक मावशी तो घेऊन निवडत बसे. पांढरा वेगळा, भोकांचा संगणकी कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे, पुठ्ठा वेगळा. पंचायतीचे ओळखपत्र ती गळ्यात घालायची. तिच्या बोटांना कागदाची जात कळायची. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चहा घ्यायला जाई तेव्हा आमच्या गप्पा होत. रद्दीची प्रतवारी मी पुस्तकात वाचली नाही, तिच्याकडून शिकलो.

मोहिमेच्या दुसऱ्या वर्षी गोपनीयतेचे धोरण आले. मग प्रत्येक मजल्यावर कुलूपबंद पेट्या बसल्या, आणि सगळा कागद, टोपल्यांतला सुद्धा, बारीक पट्ट्या करून विल्हेवाट लावणाऱ्या एका कंपनीकडे जाऊ लागला. तिच्याकडून प्रमाणपत्र येई: इतके किलो कागदाचा पुनर्वापर, इतकी झाडे वाचली. ते प्रमाणपत्र स्वागतकक्षात लागले. मागच्या फाटकाबाहेरची जागा रिकामी झाली.

एकदा पेट्यांतली एक गोणी फुटली आणि थोड्या पट्ट्या रस्त्यावर आल्या. मावशीने त्या मुठीत घेऊन पाहिल्या. “साहेब, असा चिरला की कागदाची जात जाती बघा. ह्याला पुठ्ठ्याचाबी भाव न्हाई,” ती म्हणाली. तंतूच्या लांबीचे गणित मला हातकागद संस्थेत समजले होते. तिला ते आधीपासून ठाऊक होते. चिरलेला कागद निवडता येत नाही. पांढरा, रंगीत, मेणाचा सगळा एकत्र होतो, तंतू आणखी आखूड होतो आणि तो खालच्या प्रतीच्या लगद्यात जातो. ज्या कागदाचा पुन्हा लिहिण्याचा कागद झाला असता, त्याचा खोका होतो. प्रमाणपत्रात किलो बरोबर होते. प्रत कुठेच लिहिलेली नव्हती आणि मावशीही नव्हती.

ज्यात पगाराचे आकडे, गिऱ्हाइकांचे नकाशे, लोकांचे पत्ते आहेत तो कागद चिरलाच पाहिजे. पण कँटीनच्या मेन्यूचे आणि क्रिकेट सामन्याच्या सूचनेचे गुपित कसले? सगळाच कागद कुलपात टाकणे सोपे होते, कारण मग कोणाला निवडत बसावे लागत नव्हते. निवडणे हेच मावशीचे काम होते.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवायची असतात. पुढे काय करायचे ते कंपनीने ठरवायचे. मोहिमेच्या ओघात जुन्या खोल्या रिकाम्या करायचे ठरले आणि नष्ट करायच्या कागदांची यादी मी केली. त्यात सुरुवातीच्या वर्षांची फाटकावरची हजेरीबुके होती, कँटीन समितीच्या सभांची मराठीत लिहिलेली इतिवृत्ते होती, वसाहतीत पाण्यासाठी कामगारांनी केलेले अर्ज होते. ते कुठल्याही कायद्याने ठेवायची गरज नव्हती. एखाद्या गावाचे शहर कसे होते हे त्यांत दिवसागणिक लिहिलेले होते. एक टिपण करून मी वर पाठवले, ‘काही निवडक ठेवावे का’ म्हणून. उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी पेट्या न्यायला गाडी आली आणि मी यादीवर सही केली. सुट्टीच्या दिवशी राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचणारा माणूस सोमवारी वाण्याच्या जागी बसला होता.

पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही. याच शहरात, मंगलदास रस्त्यावर, टाटा उद्योगसमूहाचे मध्यवर्ती पुराभिलेखागार आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात समूहाची पत्रे, छायाचित्रे, दस्तऐवज जपून ठेवले आहेत आणि अभ्यासकांना ते पाहता येतात. सगळे ठेवता येत नाही हे तिथेही आहेच. पण तिथे टाकण्याआधी कोणीतरी उघडून पाहतो.

पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्या संस्थांनी पुनर्वापराजोगा माल वेगळा करून तो अधिकृत कचरावेचकांकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्यावा, असे त्यांत म्हटले होते. कचरावेचकाचे नाव नियमात आले, हा पंचायतीसारख्या संघटनांच्या अनेक वर्षांच्या झगड्याचा विजय होता. पण मी ते वाचताना ‘किंवा’ या शब्दापाशी थांबलो. मोठी कंपनी ‘किंवा’च्या पुढचा पर्याय घेते. त्यात पावती मिळते, प्रमाणपत्र मिळते, एकाच माणसाशी बोलावे लागते. नियम मोडत नाही आणि मागच्या फाटकाबाहेरची जागा मात्र रिकामी राहते.

कागदीपुऱ्यापासून हिरव्या ट्रेपर्यंतचा हा प्रवास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे. पुण्यात कागद वाचवण्याचे काम कधी नव्याने सुरू करावे लागले नाही; ते चालूच होते. कागदी, चिंधी निवडणारे, रद्दीवाले, पोतेवाल्या बायका आणि पाठकोऱ्यांच्या वह्या शिवणाऱ्या आया ते करत होत्या. मोठ्या कंपन्यांनी ते काम हाती घेतले तेव्हा त्यांनी कमी छापायला शिकवले, हे त्यांचे श्रेय. पण वापरलेला कागद कोणाकडे जायचा, हा जो हिशेब शहराने दोनशे वर्षांत बसवला होता, तो त्यांनी न वाचताच बाद केला. कंपनीच्या वार्षिक अहवालात कागदाच्या बचतीचे पान असते. त्यात तीन रकाने असावेत असे मला वाटते: किती छापला नाही, किती कोणाच्या हाती दिला, आणि किती उघडून पाहून ठेवला. आज पहिला रकाना भरलेला असतो.

मी नोकरी सोडली त्याला आता काही वर्षे झाली. या लेखाचा कच्चा खर्डा मी पाठकोऱ्यांवरच लिहिला. जुन्या लग्नपत्रिका आणि भागधारकांच्या सभेच्या सूचना, ज्या ई-मेल नोंदवूनही एका बँकेकडून अजून टपालाने येतात. आमच्या सोसायटीत सकाळी ‘स्वच्छ’ची ताई येते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये, तेव्हापासून आपण दर वर्षी एवढा कागद आनंदाने छापतो, वाचतो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढतो. मागच्या वर्षीचे अंक मी वाचनालयाला देण्याजोगे आणि फाटलेले असे वेगळे केले आणि फाटलेले ताईंच्या हातात दिले. मुखपृष्ठे फाडून ठेवली होती, कारण गुळगुळीत कागद वेगळा घालायचा असतो हे आता मला माहीत आहे. त्यांनी गठ्ठा हातात तोलला, आतला कागद बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाल्या, “काका, ह्यो चांगला हाय. ह्यो वरच्या पोत्यात.”